मानशीचं दार कोणी उघडलं? : मोकळं तपास-साहस पहिल्यांदा चालवणाऱ्या जीएमसाठी

तीन-चार तयार साहसं चालवून झाली की जीएमला, म्हणजे टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळात जग आणि बाकीची माणसं सांभाळणाऱ्या गेम मास्टरला, स्वतःचं तपास-साहस लिहायची हुक्की येते. बहुतेकांचं ते दुसऱ्या सेशनला चिखलात रुततं. खेळाडू ज्या वाड्यात जायला हवे होते तिकडे फिरकतच नाहीत, ज्या म्हातारीला सगळं ठाऊक असतं तिला पहिल्याच संध्याकाळी धमकावून गप्प करतात, आणि जीएमच्या वहीतली पुढची बारा पानं वाया जातात.

गोव्यात पेडण्याकडे रात्र जागवून दशावतार पाहिला असेल तर यावरचा उपाय तुम्हाला अर्धा ठाऊक आहे. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पात्रं ठरलेली, बोलणं मात्र रंगमंचावर उभं राहून, सुचेल तसं. उत्सवी नाटकासारखा आत प्रॉम्प्टर बसवलात तर मोकळ्या जगाचा खेळ पहिल्या प्रवेशातच अडतो, कारण समोरच्यांनी त्यांचे संवाद पाठच केलेले नाहीत. म्हणून कथा लिहायची नाही. जागा लिहायची, माणसं लिहायची, काय घडून गेलं ते लिहायचं, आणि कोणी आडवं आलं नाही तर पुढे काय होईल ते लिहायचं.

खाली जे सांगतो आहे ते काळोख्या धाटणीच्या फँटसीसाठी: टक्केवारीचे फासे, कच्ची पात्रं, स्वस्त मरण, जखमेत पू. १९८६ साली ब्रिटनमध्ये आलेल्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेने ही तऱ्हा रुळवली. तुमचे नियम कुठलेही असोत, पायऱ्या त्याच. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: नदीकाठचं एक खाजन (बांध घालून मिळवलेली शेती), तिच्या बांधातलं फुटलेलं दार, म्हणजे मानस, आणि त्या दाराचा मेलेला राखण्या.

लागणारं सामान

- दहा पैलूंचे दोन रंगांचे दोन फासे (एक दशकाचा, एक एककाचा, मिळून शंभरपर्यंतचा आकडा), प्रत्येकाला एक जोडी. एकच जोडी टेबलभर फिरवली की खेळ मंदावतो.
- पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, पन्नासेक.
- ए-थ्री कागदावर पेन्सिलीने काढलेला नकाशा आणि त्याच्या दोन झेरॉक्स. एक खेळाडूंना रंगवायला, एक तुमच्या खुणांसाठी.
- पंधरा चौकटींची एक पट्टी. घड्याळ म्हणून ती लागेल.
- प्रत्येक खेळाडूची दोन कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेले कागद): एक चालू, एक राखीव. राखीव लागतेच.
- पुरावे म्हणून द्यायचे कागद, चार-पाच.

जुनाट दिसावा म्हणून कागद कोऱ्या चहात बुडवणार असाल तर मजकूर झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटरवर काढा. इंकजेटची शाई चहात पसरते. पावसाळ्यात कागद वाळत नाही, त्यावर दुसरा कागद ठेवून इस्त्री फिरवा. आणि अक्षर वाचता येईल असंच ठेवा. मोडीतली पावती दिसायला झकास, पण चौघांपैकी एकालाही वाचता आली नाही तर तो पुरावा नाही, सजावट झाली.

१. आधी गुन्हा पुरता घडवून घ्या

एका पानावर, दहा ओळींच्या आत, खरं काय झालं ते लिहा. वेळेसकट. हे पान खेळ सुरू झाल्यावर बदलायचं नाही. खेळाडूंनी एखादा भन्नाट तर्क लढवला की तोच खरा करून टाकायचा मोह होतो. पण मग आधी दिलेले धागे, म्हणजे सुगावे, खोटे पडतात, आणि पुढच्या वेळी कोणी विचार करायचे कष्ट घेत नाही.

आपल्या उदाहरणाला थोडी पाण्याची माहिती लागेल. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली सखल शेती. बांधाला दार असतं, ती मानस. लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत जातं. माणसाचा हात लागत नाही. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो. शेती बुडाली की तिथे मासळी पिकते, आणि ज्याच्याकडे मानस त्याची चांदी. गुन्ह्याचं कारण आयतं मिळालं.

आता सत्याचं पान:

अमावास्येची रात्र, उधाणाची भरती बाराला. म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला. मानशीचा लिलाव घेऊ पाहणारा सावकार आपल्या नावाड्याला सहा वाजता पाठवतो. झडपा ओहोटीने उघड्याच असतात. नावाडी चिखलात उतरून झडप आणि चौकट यांच्यामध्ये पाचर ठोकतो. भरती चढते, दार मिटत नाही, खारं पाणी दाणे भरत आलेल्या भातात शिरतं. राखण्याने डोळेझाक करायचे पैसे आधीच घेतलेले असतात, पण दहाच्या सुमाराला पाण्याचा आवाज ऐकून त्याचं मन खातं. तो पाचर काढायला धावतो. दबून बसलेला नावाडी वल्ह्याने त्याचं डोकं फोडतो. सावकार नऊपासून मध्यरात्रीपर्यंत गुत्त्यावर, दहा साक्षीदारांसमोर. आणि बांधाच्या पायात शंभर वर्षांपूर्वी जे जिवंत पुरलं होतं, ते माती खचल्याने मोकळं होऊन मानशीच्या आतल्या डोहात उतरलेलं असतं.

शेवटची ओळ काळोख्या फँटसीची. बाकी सगळं साध्या लोभाचं. हे प्रमाण सांभाळा. भूत हे गुन्ह्याचं फळ असावं, गुन्हेगार नसावं. नाहीतर तपास नुसता तलवारीवर येऊन संपतो.

या रचनेतली मेख पाहा. गावाला वाटतं मानस मध्यरात्री फुटली, कारण पाणी तेव्हा घरात आलं. म्हणून सावकाराच्या साक्षीला धार आहे. पण भरतीचं पाणी झडपेवर रेटत असताना पाचर बसूच शकत नाही. ती ओहोटीलाच बसली असणार. सहा वाजता सावकाराचा नावाडी कुठे होता, हा प्रश्न एकदा कोणाच्या तोंडून आला की साक्ष कोसळते. तुमच्या टेबलावर खाजनाकाठी वाढलेला कोणी असेल तर त्याला हे फासे न टाकता कळेल. कळू द्या. त्याच्याकडून त्यासाठी रोल मागणं हा अपमान आहे.

२. सहा ते आठ जागा, जास्त नाहीत

मोकळं जग म्हणजे अफाट जग नव्हे. सहा-आठ जागा, आणि प्रत्येकीतून निदान दोन दुसऱ्या जागांकडे बोट. आपल्या गावात: मानस, तिच्या आतला डोह, राखण्याची खोपी, गुत्ता, होड्यांना तेल देणारी पडवी, गावकारीच्या (गावच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या) वह्यांची कचेरी, भाटकाराचा (जमीनदाराचा) पडका वाडा, आणि नदीपलीकडचं ओस शहर.

ओस शहरासाठी कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही. जुन्या गोव्याची हकीकत समोर आहे: साथींवर साथी, दूषित विहिरी, माणसं हळूहळू रायबंदर-पणजीकडे सरकली आणि १८४३ मध्ये राजधानीचा मानही पणजीकडे गेला. रिकाम्या रस्त्यांवर झाडं उगवलेली, मोठमोठ्या इमारती मात्र उभ्या. नाव बदला, घंटा एक ठेवा, झालं.

नकाशावर अंतरं मैलांत लिहू नका, वेळेत लिहा, आणि ती पाण्याशी बांधा. गुत्त्यापासून मानशीपर्यंत ओहोटीला बांधावरून पायी पाव तास, भरतीला होडीनेच. खेळाडूंना मग घाई, भांडणं, निवड हे सगळं न मागता मिळतं.

३. धागे: एका निष्कर्षाला तीन

हा नियम या छंदात जुना आहे आणि तो मोडणाऱ्याला भोगावं लागतं. खेळाडूंनी गाठायलाच हवेत असे निष्कर्ष आधी मोजा. इथे चार आहेत: मानस मुद्दाम उघडी ठेवली, राखण्या घसरला नाही तर मारला गेला, फायदा सावकाराचा, आणि डोहातून काहीतरी बाहेर आलं आहे. प्रत्येकाला तीन धागे, तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या जातीचे: एक वस्तू, एक माणूस, एक कागद किंवा खूण.

दुसऱ्यासाठी: राखण्याच्या मागच्या बाजूची जखम, जी वल्ह्याच्या पात्याच्या रुंदीची आहे, त्याच्या बायकोला ऐकू आलेली दोन माणसांची बाचाबाची, आणि खोपीत तसाच राहिलेला कंदील. अमावास्येच्या रात्री फेरफटक्याला निघालेला माणूस कंदील मागे ठेवत नाही, घाईने धावलेला ठेवतो.

पहिल्यासाठीचा एक धागा अगदी जवळून पाहू. पाचर सापडते ती हाताच्या पंज्याएवढी, एका बाजूने नुकती तासलेली, दुसऱ्या बाजूने काळी आणि चिकट. ते काळं म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल. लाकूड किडू नये म्हणून होड्यांना देतात. ओलं असताना ते कातडी भाजतं, फोड आणतं. आता गावात हिंडताना खेळाडूंना एक नावाडी दिसतो, ज्याच्या दोन्ही तळव्यांवर फोड आहेत. गाव म्हणतं, डोहातल्याचा शाप लागला. तेल देणारी बाई म्हणते, माझ्या हातांनाही पहिल्या वर्षी असेच यायचे. एका वस्तूने जागा जोडली, माणूस जोडला, आणि अफवाही पेरली.

खोटे धागे मुद्दाम पेरू नका. खेळाडू स्वतःच पुरेसे तयार करतात. गावाचा एक प्रामाणिक गैरसमज असला की पुरे: खेकड्यांनी बांध पोखरला. खेकडे बांध पोखरतातच, त्यामुळे ते खोटंही नाही, फक्त या वेळचं नाही.

आता फाशांचं गणित, कारण घात इथेच होतो. कच्च्या पात्राचं शोधण्याचं कौशल्य समजा ३५, म्हणजे फाशांवर ३५ किंवा त्याखाली पडलं तरच जमलं. एकाच रोलवर धागा टांगलात तर शंभरात ६५ वेळा तो हातचा गेला. तीन धागे, प्रत्येकी एक रोल, तर निदान एक मिळण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के. म्हणजे चारातल्या एका टेबलावर तुमचं साहस बंद. म्हणून आवश्यक धाग्यावर रोल ठेवायचाच नाही. योग्य जागी जाऊन योग्य ठिकाणी पाहिलं की पाचर मिळते. रोल कशासाठी? ती होडीच्या फळीतून कापली आहे हे आत्ताच ओळखण्यासाठी, किंवा ती काढताना पाय घसरून चिखलात जखम न होण्यासाठी. हुकलं तर धागा मिळतो, किंमतही मोजावी लागते.

४. माणसांची कार्डं

दहा-बारा माणसं, प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर चारच ओळी: काय हवंय, कशाची भीती, काय ठाऊक, काय खोटं बोलतो. जन्मकुंडली नको. नमुना:

*सावित्री, राखण्याची बायको.* हवंय: नवऱ्याला चोर न ठरवता अंत्यविधी. भीती: लाचेचे पैसे अजून तांदळाच्या मडक्यात आहेत. ठाऊक: दहाच्या सुमाराला दोन आवाज ऐकले, एक नवऱ्याचा. खोटं: "ते दिवसभर तापाने पडून होते."

खोटं का बोलते हे दुसऱ्या ओळीत आहे, म्हणून खेळाडूंनी दमदाटी केली तरी, माया लावली तरी, तिचं उत्तर तुम्हाला शोधावं लागत नाही. बोलण्यात थोडी जात-जमात, वय, हुद्दा आणा: भाटकाराला त्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार "बाब" म्हणेल, सावकाराला "शेट", आणि गुत्त्यावर सगळे एकमेकांना अरे-तुरे. खेळाडू कोणाला कसं हाक मारतात त्यावरूनही दार उघडतं किंवा मिटतं.

५. तिथीचं घड्याळ

कोकणातला आडाखा वापरा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मध्यरात्रीनंतर एकदा, दुपारनंतर एकदा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. प्रत्यक्ष किनाऱ्यावर ठिकाणाप्रमाणे फरक पडतो, खेळाला एवढं बस. पट्टीवरच्या पंधरा चौकटी म्हणजे पंधरा तिथी:

प्रतिपदा: प्रेत सापडतं, खेळाडू गावात येतात.
तृतीया: विहिरी मचूळ होतात.
पंचमी: डोहाजवळचं पहिलं घर आजारी पडतं.
अष्टमी: भांगाची भरती, पाणी कमी चढतं, म्हणून गाव बांध दुरुस्त करायला उतरतं. माती, पेंढा, बांबू टाकून जखम बुजवतात. पाचर काढली नसेल तर ती कायमची पुरली जाते.
एकादशी: लिलाव.
पौर्णिमा: दुसरं उधाण. दुसरी मानस उघडली जाते आणि डोहातलं गावात पोहोचतं.

खेळाडूंनी काही अडवलं तर चौकट बदला, नाही अडवलं तर जसंच्या तसं घडवा. बुजलेली पाचर पुन्हा बाहेर काढून देऊ नका. म्हणूनच उरलेले दोन धागे दुसरीकडे ठेवले आहेत.

एक बारीकसं: भाद्रपदाचं नाव घेऊ नका. चतुर्थी म्हटल्याबरोबर टेबलावर कोणीतरी नेवऱ्यांचा विषय काढतो आणि काळोख उडतो.

६. सेशन झीरो

पहिल्या खेळाच्या आधी अर्धा तास, चहासोबत. तीन गोष्टी ठरवा.

एक, मर्यादा. मुलांचा छळ, अत्याचार, आजारपणाचं वर्णन: काय पडद्याआड, काय अजिबात नको, प्रत्येकाने सांगायचं आणि कारण विचारायचं नाही.

दोन, श्रद्धा. राखणदार, देवचार, वेताळ ही आपल्याकडे जुन्या गोष्टींतली पात्रं नाहीत. आजही त्यांना नारळ ठेवला जातो. त्यांना राक्षस बनवून तलवारीखाली आणू नका. बांधात पुरलेलं जे आहे त्याला तुमचं स्वतःचं नाव द्या. खऱ्या गावाचं, देवळाचं, इगर्जीचं (चर्चचं), समाजाचं नावही नको. धर्मचौकशीचा (इन्क्विझिशनचा) इतिहास उचलायचा असेल तर टेबलावरच्या सगळ्यांची संमती घेऊन, आणि खलनायक हुद्द्याने ठरवा, धर्माने नव्हे.

तीन, नाळ. प्रत्येक पात्राचा गावाशी एक धागा हवाच: बहीण इथे दिली आहे, मेलेला राखण्या कर्जदार होता, बुडालेल्या शेतात वाटा आहे. "वाटसरू" पात्र पहिल्याच जखमेनंतर वाट धरतं, आणि त्याला थांबवायला तुमच्याकडे काही नसतं.

७. टेबलावर

चौघं आणि तुम्ही, तीन तास. सुरुवात गुत्त्यावर नको; थेट मानशीवर, ओहोटीला, प्रेत बाहेर ओढताना. पाचेक मिनिटांत तीन दिशा दिसल्या पाहिजेत: जखम, रडणारी बायको, आणि बांधावरून घाईने निघून जाणारा नावाडी. मग गप्प बसा. पहिली शांतता असह्य होते आणि जीएम बोलायला लागतो. बोलू नका, तेवढ्यात कोणीतरी काहीतरी ठरवतं.

दर तासाला एका खेळाडूला आतापर्यंत काय कळलं ते मोठ्याने सांगायला लावा. तुम्ही सांगू नका. त्याने काय गाळलं त्यावरून कुठला धागा पोहोचला नाही ते कळतं. सगळे वीस मिनिटं एकाच जागी फिरत असतील तर दारावर माणूस पाठवा: मदत मागणारा, धमकी देणारा किंवा आजारी पडलेला. तो नवा धागा आणणार नाही. तीनांतला न सापडलेला एक घेऊन येईल.

मारामारी थोडी आणि महाग ठेवा. चिखलात गुडघाभर असताना २० वजा केले की ३५ चं १५ होतं आणि शूरसुद्धा पळायचा विचार करतो. मचूळ चिखलातली जखम दुसऱ्या दिवशी तपासा, आणि तो रोल सगळ्यांसमोर टाका. पात्र मेलं तर राखीव शीटवरचा माणूस पुढच्या जागी आधीच उभा असू द्या: कचेरीचा कारकून, तेल देणारीचा भाऊ. पाऊण तास खेळाडूला बाजूला बसवून ठेवलंत तर तो मोबाईलमध्ये जातो आणि परत येत नाही.

खेळाडूंनी दुसऱ्याच सेशनला सावकार ओळखला तर? ओळखू द्या. ओळखणं आणि गावकारीसमोर सिद्ध करणं यात लिलावाचा दिवस आहे, दहा साक्षीदार आहेत, आणि नावाड्याला कोणीतरी जिवंत ठेवायचा आहे.

८. इथे गोव्यात खेळताना

चार सेशन लागतील. पाच धरून चाला. चतुर्थीचा आठवडा, गावची जत्रा, फेस्त, शिगमो आधीच कॅलेंडरवर खोडून टाका, नंतर निरोप यायची वाट पाहू नका. कोणी दिवाडी किंवा चोडण बेटावरून येत असेल तर शेवटच्या फेरीबोटीची वेळ विचारून खेळाची वेळ तिच्यामागे बांधा. रंगात आलेला प्रवेश सोडून धक्क्याकडे पळणारा खेळाडू उरलेल्यांचाही रस घेऊन जातो. मडगाव आणि म्हापसा दोन्हीकडचे असतील तर फोंडा किंवा पणजी सोयीचं. पावसाळ्यात बल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) खेळायला मजा येते, पण कार्डं ओल धरतात. प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. वीज जाणार हे गृहीत धरून एक चार्ज केलेला दिवा टेबलाखाली.

सेशन संपल्यावर त्याच रात्री पंधरा मिनिटं बसा. घड्याळाची पट्टी पुढे सरकवा, भेटलेल्या माणसांच्या कार्डांमागे खेळाडूंनी त्यांना काय वचन दिलं ते लिहा, आणि चार निष्कर्षांसमोर किती धागे पोहोचले ते मोजा. जिथे शून्य असेल, पुढच्या वेळी दारावर येणारा माणूस तिथला.